उजवीकडं बघितलं, तरी मोटारसायकल का दिसली नाही?

नमस्कार दादा,

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा सांगतो. तुम्ही केज तालुक्यातले, वय चौतीस, भाजीपाल्याचा पिकअप चालवता. मागच्या आठवड्यात सकाळी गावाच्या फाट्यावरून हमरस्त्याला लागताना तुम्ही उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, पुन्हा उजवीकडं बघितलं. रस्ता मोकळा दिसला म्हणून गाडी काढली आणि बोनेटसमोर एकदम मोटारसायकल. त्या माणसानं गाडी कडेला घातली, खरचटण्यावर निभावलं. घरचे म्हणतात, तुझं लक्ष नव्हतं. तुम्ही म्हणता, शपथेवर सांगतो, बघितलं होतं. डोळे तपासले तर ६/६. मग एका व्हिडिओत ऐकलं की डोळे हलत असताना माणूस क्षणभर आंधळाच असतो. तर हा माझ्या डोळ्यांतला दोष आहे का, सगळ्यांचंच असं असतं का, आणि व्यायामानं जाईल का, असं तुम्ही विचारलंय. वडिलांना काचबिंदू आहे हेही जाता जाता लिहिलंय. त्या वाक्याकडं मी शेवटी येतो. तुम्ही ते सहज लिहिलंय, पण मला ते सहज सोडता येत नाही.

मी लातुरात चोवीस वर्षं डोळ्यांची प्रॅक्टिस करतो. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर, ट्रक, पिकअपवाले तपासणीला येतात आणि त्यांच्यातला कुणी ना कुणी हेच सांगतो : ‘डॉक्टरसाहेब, गाडी जमिनीतून उगवल्यासारखी आली.’ ही माणसं खोटं बोलत नसतात, बहुतेकांचं लक्षही रस्त्यावरच असतं. तुमचंही असावं. तुम्हाला मी तपासलेलं नाही, त्या सकाळी ऊन कुठून येत होतं, काच किती मळलेली होती, रात्रीची झोप झाली होती का, मोटारसायकलचा दिवा चालू होता का, हे मला माहीत नाही. त्यामुळं तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण डोळा कसा चालतो हे कळलं तर अशा प्रसंगाचा अर्थ लागतो, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

एक छोटा प्रयोग करा. डावा डोळा मिटा, त्याच्या पापणीवर बोटाचं टोक हलकेच ठेवा, दाबू नका. उजव्या डोळ्यानं वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी वाचा. मिटलेला डोळा पापणीखाली कसा हलतो ते बोटाला कळेल. तो ओळीवरून घसरत जात नाही. टक्, टक्, टक् अशा बारीक उड्या मारतो आणि ओळ संपली की एक मोठी उडी मारून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतो. वाचताना डोळा उड्या मारतो हे एमिल जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास नीट पाहिलं गेलं. घोड्याचा लगाम झटक्यानं ओढण्याला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, तोच ‘सॅकाड’ हा शब्द या उडीला मिळाला, आम्ही डॉक्टर तो ‘सॅकेड’ असा उच्चारतो. (जावाल पुढं स्वतः काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांनी आंधळे झाले. काचबिंदूबद्दल कुणाशी बोलायला बसलो की मला त्यांची आठवण येते.)

डोळ्याला या उड्या मारायची गरज का पडते? हात लांब करून अंगठा समोर धरा. त्याच्या नखाएवढी जागा, एवढीच आपल्याला खऱ्या अर्थानं बारकाईनं दिसते. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक लहानसा खळगा असतो, दीडेक मिलिमीटरचा. बारीक दिसण्याची सगळी मदार तिथं. तिथून दहा अंश बाजूला सरकलं की बारकावे ओळखण्याची ताकद पाचव्या हिश्श्यावर येते. म्हणून मेंदू हा नखाएवढा झोत सेकंदाला साधारण तीन वेळा उचलून नव्या जागी ठेवतो. प्रत्येक जागी डोळा पाव सेकंदाच्या आसपास थांबतो, मग पुन्हा उडी. उडीचा वेग तर विलक्षण. मोठ्या उडीत डोळा सेकंदाला पाचशे अंशांहून जास्त वेगानं फिरतो. शरीरातल्या सर्वांत झपाट्याच्या हालचालींपैकी ही एक. वाचतानाची उडी वीस-तीस मिलिसेकंदांत संपते. मान न वळवता चौकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं नजर टाकली तर साठ-ऐंशी मिलिसेकंद लागू शकतात.

आता व्हिडिओतल्या त्या वाक्याकडं येऊ. ते अर्धं खरं आहे.

आरशासमोर उभं राहून आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी बायको उभी असेल तर तिला ते स्पष्ट दिसतील. रेमंड डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९०० च्या सुमारास या गोष्टीकडं लक्ष वेधलं होतं. हाच प्रयोग मोबाइलचा समोरचा कॅमेरा लावून करा, मात्र डोळे हललेले दिसतील. कारण मोबाइल चित्र पडद्यावर आणायला थोडा वेळ घेतो, तोवर तुमचा डोळा उडी संपवून थांबलेला असतो. याचा अर्थ, उडी चालू असताना जे समोर असतं ते आपल्या जाणिवेत येत नाही. उडी सुरू व्हायच्या किंचित आधीपासून मेंदू दृष्टी मंद करतो. त्यात भर म्हणजे उडीच्या आधीचं आणि नंतरचं स्पष्ट चित्र मधल्या फरफटलेल्या चित्राला झाकून टाकतं.

पण ‘आंधळा’ हा शब्द चुकीचा आहे. सगळंच बंद होत नाही. १९९४ साली बर, मोरोन आणि रॉस या तिघांनी दाखवून दिलं की उडीच्या वेळी मुख्यतः हालचाल आणि ठळक, जाडसर आकार टिपणारी वाट दबते. रंगाची आणि बारीक नक्षीची वाट बऱ्यापैकी चालू राहते. मेंदू हे करतो ते आपल्या भल्यासाठी. सेकंदाला तीन वेळा सगळं जग सर्रकन घसरताना दिसलं असतं तर दोन पावलं चालणं अवघड झालं असतं, चक्कर येऊन पडलो असतो.

ही सोय बिघडली तर काय होतं याची चव घेता येते. एक डोळा मिटा, दुसऱ्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर पापणीवरून बोटानं अगदी हलकं ढकला. (अलीकडं डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर हे मुळीच करू नका.) खोली हलताना दिसेल. डोळा स्वतः हलवला तर खोली जागच्या जागी, बोटानं हलवला तर खोली हलते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं यावरून अंदाज बांधला की मेंदू डोळ्याच्या स्नायूंना हुकूम देतो तेव्हा त्या हुकमाची एक नक्कल बघण्याच्या विभागाकडंही पाठवत असावा : ‘आता डोळा उजवीकडं जाणार आहे, चित्र सरकलं तर घाबरू नका.’ तो अंदाज पुढं प्रयोगांनी पक्का होत गेला. १९९२ मध्ये माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या डोळ्यानं उडी मारायच्या आधीच उडीनंतर दिसणाऱ्या जागेची दखल घ्यायला लागतात. म्हणजे डोळा पोचायच्या आधी मेंदूनं तिथं जागा धरलेली असते. बोटानं ढकलताना हा हुकूम सुटतच नाही, म्हणून जग हलतं.

वेळेचंही असंच. भिंतीवरच्या घड्याळाकडं एकदम नजर टाकली की सेकंदकाटा पहिल्या क्षणी थबकल्यासारखा वाटतो. एक शिक्षक मला हे विचारायला मुद्दाम आले होते, त्यांना वाटलं मेंदूला काहीतरी झालं. लंडनच्या संशोधकांनी २००१ साली याचा छडा लावला. उडीतला गेलेला वेळ मेंदू रिकामा ठेवत नाही. उडी संपल्यावर जे दिसलं तेच आधीपासून दिसत होतं असं धरून ती फट बुजवतो. उडी जितकी मोठी तितका काटा जास्त वेळ थांबल्यासारखा वाटतो. त्या शिक्षकांना मी एवढंच सांगितलं की हे माझंही होतं, तुमच्या बायकोमुलांचंही होत असणार.

आता फाट्यावरचा हिशेब मांडू, म्हणजे दोष कुठं द्यायचा ते कळेल.

मोटारसायकल ताशी ६० किलोमीटरनं येत होती असं धरा. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. तुमच्या डोळ्याची उडी ६० मिलिसेकंदांची धरली तर तेवढ्यात ती एक मीटर पुढं आली. एक मीटरानं एवढी अख्खी मोटारसायकल लपत नाही. म्हणून ‘उडीच्या वेळी दृष्टी मंद झाली आणि त्यामुळं गाडी दिसली नाही’ हे उत्तर मला पटत नाही, व्हिडिओवाले कितीही सांगोत. खरी गोम उडी कुठून सुटली आणि कुठं टेकली यात असते.

घाईत उजवीकडं बघताना आपण मान झटक्यात वळवतो. डोळा एक मोठी उडी मारून रस्त्याच्या दूरच्या टोकाला टेकतो, तिथं पाव सेकंद थांबतो आणि परत फिरतो. परत येताना दुसरी मोठी उडी. मधला सगळा पट्टा, म्हणजे पन्नास ते दीडशे मीटरचा रस्ता, डोळ्यानं ओलांडला, पण तिथं तो थांबलाच नाही. शंभर मीटरवरची मोटारसायकल समोरून किती रुंद दिसते? हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाचा चौथा हिस्सा. ट्रक असता तर त्याच्या तिप्पट-चौपट दिसला असता, आणि बाजूच्या नजरेलाही जाणवला असता. मोटारसायकल दोन थांब्यांच्या मधे पडली की संपलं. आणि सर्वांत घातक भाग हा की मेंदू तुम्हाला ‘इथं मी बघितलं नाही’ असं कळू देत नाही. आरशातल्या डोळ्यांसारखीच, घड्याळाच्या काट्यासारखीच ही फटही तो बुजवतो. दोन टोकांना मोकळा रस्ता दिसला, तर मधेही मोकळाच रस्ता असल्याची खात्री वाटते. म्हणून तुम्ही शपथ घ्यायला तयार आहात, आणि तुमची शपथ खोटी नाही.

यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. बाजूच्या नजरेला बारीक दिसत नसलं तरी हालचाल लगेच कळते. पण तुम्ही फाट्याकडं हळूहळू सरकताय आणि मोटारसायकल एकसारख्या वेगानं येतेय, दोघं एकाच बिंदूला भेटणार असाल, तर तुमच्या नजरेत ती एकाच कोनात राहते. बाजूला सरकत नाही, फक्त सावकाश मोठी होते. शेवटच्या दोन-तीन सेकंदांत मात्र भसकन मोठी होते. ‘जमिनीतून उगवली’ म्हणतात ते हेच. दुसरी गोष्ट म्हणजे काचेच्या उजव्या कडेचा खांब. आपल्याकडं ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो, त्यामुळं तो खांब त्याच्या डोळ्याच्या अगदी जवळ येतो आणि बराच मोठा कोन झाकतो. शंभर मीटरवरची मोटारसायकल त्याच्या आड सहज मावते, आणि वर सांगितलेल्या कारणानं ती तिथंच लपून राहते. पिकअपमध्ये तर त्या खांबाजवळ आरसा, हार, देवाचा फोटो हेही असतं. हार ठेवा, पण मधे लावा.

दिवा हा त्यातला नशिबाचा भाग. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत चालूच राहतो. तो दिवा दिवसाही बाजूच्या नजरेला टोचतो आणि पुढची उडी आपल्याकडं ओढून घेतो. पण आपल्या गावांकडं त्याआधीच्या कितीतरी गाड्या अजून पळतायत, दुधाच्या किटल्या लावून, बिनदिव्याच्या.

मग करायचं काय? व्यायामानं ही मंदी जात नाही, आणि जाऊही नये. डोळे गोल फिरवायचे, पेन्सिलीकडं बघायचं, चार हजारांचा कोर्स लावायचा, या कशानंही फाट्यावर फरक पडणार नाही. पैसे देऊ नका. बदलायची ती बघण्याची पद्धत.

विमानाच्या वैमानिकांना आकाशात दुसरं विमान शोधायला शिकवतात तेव्हा नजर एका झोकात फिरवू देत नाहीत. दहा-दहा अंशांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद थांबायला सांगतात. मी माझ्याकडच्या ड्रायव्हरांना याचं गावरान रूप सांगतो. फाट्यावर गाडी पूर्ण थांबवा. उजवीकडं बघताना तीन थांबे ठरवून घ्या : पहिला जवळ, म्हणजे दहा-वीस मीटरवर, दुसरा मधे, एखाद्या बाभळीपाशी किंवा खांबापाशी, तिसरा दूर, जिथं रस्ता दिसेनासा होतो तिथं. प्रत्येक थांब्यावर मनातल्या मनात काहीतरी म्हणा. एक ट्रॅक्टरवाले काका ‘राम, कृष्ण, हरी’ म्हणतात, एका थांब्याला एक. त्यानं नजर तिथं टिकते. मग डावीकडं तसंच. पुन्हा उजवीकडं बघताना शरीर थोडं पुढं घ्या आणि थोडं मागं घ्या, म्हणजे खांबाआडचं बाहेर येतं. सगळ्याला पाच-सहा सेकंद लागतात. मागून कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू द्या.

लातुरात गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मी स्वतः तिथून रोज जातो आणि तिथं हीच पद्धत वापरतो. सगळीकडं एकदम बघायचा प्रयत्न केला तर काहीच दिसत नाही. ज्या रस्त्यापुढून मी जातोय त्याच रस्त्यावर नजर टेकवतो, मग पुढचा.

झोपेबद्दलही लिहायला हवं. थकवा, दारू आणि झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या यांनी डोळ्यांची उडी मंदावते, थांबेही वेडेवाकडे पडतात. तुम्ही पहाटे तीनला मार्केटसाठी उठता असं लिहिलंय, म्हणजे तो प्रसंग घडला तोवर तुमचे पाच-सहा तास झालेले होते. मी हे दूषण म्हणून सांगत नाही. भाजीचा धंदा पहाटेचाच आहे. पण परतीच्या प्रवासात वीस मिनिटं गाडी कडेला लावून डोळे मिटणं हे माझ्याकडच्या कुठल्याही थेंबापेक्षा गुणकारी आहे.

रात्रीची एक गोष्ट, कारण पुढं तुम्ही तीही विचाराल. काही गाड्यांचे एलईडीचे मागचे लाल दिवे नजर झटकन फिरवली की ठिपक्यांची रांग झाल्यासारखे दिसतात. ते दिवे फार वेगानं चालू-बंद होत असतात आणि डोळा उडी मारताना प्रत्येक चमक पडद्यावर वेगळ्या जागी पडते. काळोखात ठळक ठिपके दबत नाहीत, म्हणून दिसतात. तो दोष नाही. पण स्थिर बसलेलं असताना जग थरथरताना किंवा उड्या मारताना दिसत असेल, एकाचे दोन दिसत असतील, अचानक एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं काळं झालं असेल किंवा चमका दिसत असतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आता वडिलांचा काचबिंदू. तुमचं ६/६ हे तक्त्यावर मोजलेलं आहे. तक्ता वाचताना तुम्ही फक्त मधला नखाएवढा भाग वापरता. बाजूची नजर किती शाबूत आहे याबद्दल ६/६ हा आकडा काहीच सांगत नाही. आणि डोळ्याची पुढची उडी कुठं मारायची हे ठरवते ती बाजूची नजरच. ‘तिकडं काहीतरी आहे’ ही खूण तिच्याकडून आली तरच डोळा तिकडं वळतो. काचबिंदू बहुधा बाजूची नजर आधी खातो, दुखत नाही, आणि तिथंही मेंदू भोक दाखवत नाही, बुजवतो. माझ्याकडं एक ट्रकवाले आले होते. तक्रार एकच, डाव्या बाजूनं सारखं काहीतरी घासतं. तक्त्यावर ६/६. फील्डची, म्हणजे बाजूच्या नजरेची, तपासणी केली तर दोन्ही डोळ्यांची बाजूची बरीच नजर गेलेली, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

तुमचं तसंच आहे असं मी म्हणत नाही. चौतिसाव्या वर्षी शक्यता कमीच. पण आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर धोका इतरांपेक्षा बराच वाढतो, आणि तुमचं पोट स्टिअरिंगवर आहे. म्हणून अंबाजोगाई, बीड, लातूर, जिथं सोयीचं पडेल तिथल्या नेत्रतज्ज्ञाकडं जा आणि स्पष्ट सांगा : वडिलांना काचबिंदू आहे, मला डोळ्याचा दाब, नस आणि फील्ड तिन्ही तपासून हवंय. फक्त चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. वडिलांचे जुने कागद सोबत न्या. भावंडांनाही घेऊन जा. नस नीट बघायला बाहुली मोठी करणारे थेंब टाकतील. त्यानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, तेव्हा त्या दिवशी पिकअप नेऊ नका, एसटीनं जा.